पिवळ्या झाकणाचा डबा

थोरलीला चूक पोटात घालता येत नाही. दुसऱ्याची नाही आणि स्वतःची तर मुळीच नाही. बाकीच्या आयांना कशा धडधाकट काळज्या असतात: मुलगी वेळेवर जेवते का, गाडी हळू चालवते का, दुखणं अंगावर काढते का. थोरलीच्या आईलाही त्या होत्याच, पण त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक काळजी ठाण मांडून बसली होती आणि काही केल्या उठायचं नाव घेत नव्हती. ही मुलगी एक दिवस अर्ध्या ग्रॅमवरून एखाद्या जित्याजागत्या माणसाला आयुष्यातून वजा करून टाकेल. आणि त्या रविवारी दुपारी फोन ठेवल्यावर आईला कळून चुकलं, की ते माणूस दुसरंतिसरं कुणी नसून आपणच असणार.

अर्धा ग्रॅम ही काही वाढवून सांगितलेली गोष्ट नव्हे. चौथीत असताना थोरलीचा पहिला नंबर आला होता. शाळेतून निकाल घेऊन घरी यायच्या ऐवजी ही पोरगी बाकावर बसून बेरीज करत राहिली आणि मग बाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "बाई, माझे दोन मार्क जास्त धरलेत." पहिला नंबर गेला, दुसरा आला. आईने कपाळाला हात लावला.

"अगं, गप्प बसली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"पण ते माझे नव्हते."

"बाईंनी दिले होते ना? तू चोरले होतेस का?"

"माझे नव्हते ते," एवढंच. वरण उकळून गेलं, गॅसवर पिवळा थर जमला, तरी वाद संपेना. सहावीत एका मैत्रिणीने तिच्या वहीतलं उत्तर उतरवून काढलं. ती मैत्रीण आता दोन मुलांची आई झाली आहे, बाजारात भेटते, आईची आवर्जून विचारपूस करते. थोरली अजून तिच्याशी जेमतेम मान हलवण्यापुरती बोलते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता.

अशा मुलीने पुढे माशांच्या पिल्लांना जेवू घालायची नोकरी धरावी, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. मत्स्यशास्त्राचं शिक्षण घेतलं, आणि शहराबाहेर तासाभरावर असलेल्या मत्स्यबीज केंद्रात लागली. लांबलचक पत्र्याच्या शेडी, आत ओळीने गोल टाक्या, प्रत्येक टाकीत हवेची नळी, आणि दिवसभर त्या नळ्यांचं बुडबुड, बुडबुड. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं जिऱ्याएवढी असतात म्हणून त्यांना जिरेच म्हणतात. ती बोटाएवढी झाली की बोटुकली म्हणून शेततळीवाले घेऊन जातात. जिऱ्याची बोटुकली करायची, एवढंच त्या केंद्राचं काम. नातेवाईक विचारत, "थोरली काय करते हल्ली?" आई सांगे, "माशांना भरवते." समोरचा हसे. मग आईलाच राग येई, कारण तिच्या मुलीने त्या भरवण्यात आयुष्याची नऊ वर्षं घातली होती.

गोम अशी, की एवढ्याशा पिल्लाला प्रथिनं लागतात ती मोठ्या माशापेक्षा कितीतरी जास्त. पोट मोहरीएवढं आणि वाढ रोजच्या रोज. ही प्रथिनं आजवर मिळत ती मासळीच्या भुकटीतून. म्हणजे समुद्रातली बारीक मासळी पकडायची, वाळवायची, दळायची आणि तळ्यातल्या माशाला घालायची.

"शेजाऱ्याचं घर पाडून आपली भिंत बांधायची, तसलं आहे हे," थोरली म्हणे. "तीच प्रथिनं शेतात उगवतात. फक्त पिल्लांना ती खाता आली पाहिजेत, आणि पचली पाहिजेत."

ते 'फक्त' आईने स्वतःच्या स्वयंपाकघरात भोगलं होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं काहीतरी असतं, ते वाफवून मारावं लागतं. कमी वाफवलं तर ते जिवंत राहतं आणि जास्त वाफवलं तर प्रथिनंच वाया जातात. केंद्रातलं वाफवायचं यंत्र बिघडलं होतं त्या उन्हाळ्यात थोरली घरी सुट्टीवर आली, आणि आईचा चांगला पाच लिटरचा कुकर सोयाबीनच्या पेंडीला बळी पडला. सात शिट्ट्या, नऊ शिट्ट्या, अकरा शिट्ट्या, आणि प्रत्येक शिट्टीला थोरलीचं घड्याळ. सूर्यफुलाच्या पेंडीत टरफलाचा चोथा फार म्हणून ती पिठाच्या चाळणीतून चाळली. वाटाण्याचं पीठ मिक्सरमधून काढलं. डबक्यावर तरंगणारी एक बारीक पानांची वनस्पती गच्चीवर चादरींच्या शेजारी वाळत घातली. आठवडाभर घरातल्या पोळीला तळ्याचा वास येत होता.

"मी काय म्हणतो," बाबा ताटावरून म्हणाले, "आपणही एखाद्या टाकीत जाऊन राहावं का? निदान वेळेवर जेवण तरी मिळेल."

"बाबा, प्लीज."

"अगं, वजनही होईल माझं दर आठवड्याला."

केंद्रात तिला मोजपट्टी म्हणत, तोंडावर नव्हे, पण इतक्या मोठ्याने की तिला ऐकू जावं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. आणि एवढी मोजून मापून वागणारी ही बाई स्वतः मात्र दुपारी उभ्याउभ्या बिस्किटं खाऊन दिवस काढायची, हे पाहिलं की आईच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. दीड लाख पिल्लांच्या पोटाची चिंता आणि स्वतःच्या पोटात दोन बिस्किटं.

मग गेल्या वर्षी मोठा प्रयोग ठरला. बारा टाक्या, चार प्रकारचं खाद्य, प्रत्येक खाद्य तीन टाक्यांना, दहा आठवडे. खाद्याचे डबे झाकणाच्या रंगावरून ओळखायचे: पांढरं, लाल, निळं, पिवळं. कुठल्या डब्यात काय आहे ते भरवणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे त्याचा हात एकीकडे झुकत नाही. भरवायचं काम तिथल्या जुन्या कामगाराचं, सगळे त्यांना काकाच म्हणत. काका केंद्रात वीस वर्षं होते. पिल्लांच्या पोहण्यावरून त्यांना पाण्यातला बिघाड कळायचा. प्रयोग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काका शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. त्यातच थोरलीला सहा दिवसांसाठी परगावी जाणं भाग होतं, कारण दर आठवड्याला पिल्लं तपासायची ती जिथल्या प्रयोगशाळेत, तिथे हिने स्वतः जाऊन पद्धत शिकून यायची अट होती. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. आई नेमकी तेव्हा तिच्या केंद्रातल्या दोन खोल्यांच्या घरी राहायला आलेली.

"तू करशील?" थोरलीने विचारलं, आणि आईला जाणवलं की हिने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काही मागितलंय.

"न करायला काय झालं? तुम्हा दोघांना नाही भरवलं?"

"तेच नकोय मला," थोरली म्हणाली. "तसं नाही भरवायचं. आई, नीट ऐक. प्रत्येक वेळची पुडी मी वजन करून ठेवलीये. पुडी रिकामी करायची, दहा मिनिटं थांबायचं, उरलेलं नळीने ओढून घ्यायचं, वाळवायचं, वहीत लिहायचं. खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर नाही. दया करायची नाही."

"दया न करायला मी काय कसाई आहे?"

"आई!"

"बरं बाई. नाही करत दया."

वही तिने टेबलावर ठेवली. तारीख, वेळ, टाकी, दिलेलं, उरलेलं आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "काहीही वेगळं घडलं, काहीही, तर इथे लिहायचं."

पहिला दिवस आईने अगदी शिपायासारखा पार पाडला. सकाळी सहा, साडेआठ, अकरा, दीड, चार आणि साडेसहा. पांढऱ्या झाकणाच्या टाक्यांत पुडी रिकामी करताच पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं. लाल आणि निळ्यात जरा सावकाश, पण खायची. पिवळ्या झाकणाच्या तीन टाक्यांत मात्र पिल्लं वर यायची, एक कण तोंडात घ्यायची आणि थुंकून टाकायची. पुन्हा घ्यायची, पुन्हा थुंकायची. एवढाएवढासा जीव, डोळ्यांखेरीज अंगात काही नाही, आणि तोंड मिटून वळून जायचा. संध्याकाळी आईने त्या टाक्यांतलं उरलेलं ओढलं ते जवळजवळ दिलं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. पिवळ्यांपैकी सहा नंबरच्या टाकीतली पिल्लं कडेला जमून नळीच्या बुडबुड्यांना तोंड लावत होती. काका गळ्यात हात अडकवून दारात येऊन उभे राहिले होते.

"ही पिवळी उपाशी आहेत हो," आई म्हणाली.

"असतीलच, ताई," काका म्हणाले. "आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत आहे त्यांची. मॅडमचा प्रयोग आहे, आपण काय बोलणार."

"मरतील का?"

"काही मरतील. काही शिकतील. तेच तर बघायचंय मॅडमना."

काका निघून गेले. आईने त्यानंतर जे केलं ते करताना तिला वाटलं असेल तर एवढंच, की धाकटा दीड वर्षाचा असताना वरणभात थुंकायचा आणि चमच्याच्या टोकाला थोडी साखर लावली की मुकाट्याने गिळायचा. कोठीच्या खोलीत पांढऱ्या डब्याच्या खाद्याचं पोतं उघडंच होतं. झाकण न बघताही ते कळायचं, मासळीचा वास लपतो थोडाच. त्या पोत्यातलं वजन कुणी मोजत नव्हतं. आईने तीन बोटांची एक चिमूट घेतली, पिवळ्याच्या पुडीत टाकली आणि पुडी हलवली. बस. तीन टाक्या, तीन पुड्या, तीन चिमट्या.

पिल्लं वर आली. कण तोंडात घेतले. गिळले.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग पाचव्या दिवसापर्यंत दर पुडीला एक चिमूट, आणि सहाव्या दिवशी तर तिने चिमटीऐवजी नुसती वास लागलेली बोटं पुडीत फिरवली तरी चाललं. उरलेलं रोज कमी कमी होत गेलं. ते तिने वहीत खरंखरं लिहिलं, एक कण इकडचा तिकडे नाही. फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सर्व ठीक'.

थोरली परत आली. पुढचे नऊ आठवडे तिने पुड्या वजन करून दिल्या आणि काकांनी डाव्या हाताने भरवलं. पिवळी पिल्लं चवीला सरावली होती, चिमटीवाचून खात होती, वाढत होती. आई आपल्या घरी परतली आणि ती चिमूट तिच्या डोक्यातून गेलीसुद्धा, भाजीत वाढीव घातलेलं मीठ जावं तशी.

ती चिमूट परत आली त्या रविवारी. आई कपड्यांना इस्त्री करत होती आणि फोन वाजला.

"आई, पिवळं जिंकलं!"

थोरलीचा असा आवाज आईने चौथीच्या निकालाआधी कधीतरी ऐकला असेल.

"म्हणजे काय झालं? नीट सांग."

"पिवळ्यात मासळीचा एक कणसुद्धा नव्हता. सगळं सोया, वाटाणा, सूर्यफूल आणि ती आपल्या गच्चीवरची पानं. पांढरं नेहमीचं मासळीच्या भुकटीचं, लाल-निळ्यात थोडी भुकटी होती. पिवळं पूर्ण वनस्पतीचं. आणि तरी वजनात पांढऱ्याच्या खालोखाल! कुणाचा विश्वास बसत नाहीये. उद्या दहा वाजता केंद्राच्या मालकांसमोर मांडायचंय. त्यांनी हो म्हटलं की नव्या तुकडीला सरसकट पिवळंच. दीड लाख पिल्लं, आई."

"एक कणसुद्धा नव्हता?" आईने इस्त्री उभी केली.

"एकही नाही. आणि तुला सांगू? सगळा खेळ पहिल्या आठवड्यातच ठरला. तुझ्या आठवड्यात. पिल्लांनी पहिले सहा दिवस खाल्लं नाही तर पुढे काही करा, ती मागेच राहतात. तू किती मन लावून केलंस ते वहीतच दिसतं. एकही खाडाखोड नाही. मी मालकांनाही सांगितलं, माझ्या आईने भरवलंय."

चौतीस वर्षांत या मुलीने आईच्या कुठल्याही कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. पोळी जाड, चहा गोड, फोन लांबलचक. आणि आज म्हणाली तर याला.

"अगं, पण पुन्हा करून बघायला हवं ना? शितावरून भाताची परीक्षा..."

"केलं की. मधे छोटा प्रयोग केला, काकांकडून. तो मी धरलाच नाहीये."

"का?"

"पिल्लं खाईचनात. दहा दिवसांत निम्मी गेली. काकांचा हात अजून धड वळत नाही, सांडलं असणार, वेळा चुकवल्या असणार. मी विचारलं तर म्हणतात, मॅडम, मी बरोबर घातलं, ती थुंकतात. आता तेच खाद्य तुझ्याकडे खाल्लं आणि यांच्याकडे थुंकलं? पिल्लांना काय माणसं ओळखता येतात? मी तसं लिहून दिलं. मालक त्यांना आता फाटकावर बसवणारेत."

"वीस वर्षं काम केलंय त्यांनी," आई म्हणाली.

"म्हणून काय चूक पोटात घालायची? आणि नव्या तुकडीला तर हाताने घालायचंच नाहीये. भरवायचं यंत्र येतंय. त्याला दया नाही, हलगर्जी नाही. बरं ठेवते, उद्या नऊ वाजता फोन बंद करणारे मी, त्याआधी काही असेल तर बोल. आणि आई..."

"काय गं?"

"थँक्यू."

फोन बंद झाला. इस्त्रीखाली नव्हता तरी बाबांचा सदरा करपल्याचा वास आईला येत राहिला.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. ते पेपरमधलं कोडं सोडवत होते. त्यांनी पेन खाली न ठेवता ऐकलं, म्हणजे त्यांना ते फारसं गंभीर वाटलं नव्हतं.

"चिमूटभर ना? अगं, चिमूटभराने कधी कुणाचं काय झालंय?"

"चिमूट माझ्या बोटांची होती, अहो. त्यांच्या मानाने ती पंगत होती."

"मग आता सांगून काय करणार? उगाच खाजवून खरूज काढायची. पोरीला उद्या शाबासकी मिळायचीय. नंतर यंत्रात नाही खाल्लं तर काढतील काहीतरी उपाय. शहाणी आहे ती."

"आणि काका?"

"त्यांना फाटकावर बसायला उलट बरंच आहे. सावली असते."

"तुमचा स्वभावच असा," आई चिडून म्हणाली. "दुसऱ्याच्या डोक्यावर उन्हाचा तवा ठेवायचा आणि म्हणायचं, ऊब छान आहे ना?"

"मग सांग जा तिला. आणि पुढची दहा वर्षं ती तुझ्याशी मान हलवण्यापुरती बोलेल, तेव्हा मला सांगू नकोस."

आई भांडी आदळत राहिली. चीड सगळ्यांवरच येत होती. बाबांवर, यंत्रावर, त्या थुंकणाऱ्या पिल्लांवर. थोरलीवर तर सर्वांत जास्त. एवढी मोजपट्टी, एवढी काटेकोर, आणि जो प्रयोग मनासारखा आला नाही तो बाजूला टाकला? का, तर आईच्या हातचं खोटं असूच शकत नाही म्हणून? आयुष्यभर आईच्या हातच्या मिठाला नावं ठेवली आणि विश्वास ठेवायची वेळ नेमकी इथे निवडली! इतक्यांदा कानीकपाळी ओरडले, माणसावर जरा विश्वास ठेवायला शिक, तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. आणि शिकली तेव्हा अशी शिकली.

मग हातातलं भांडं तसंच राहिलं. 'पण ते माझे नव्हते.' वेणीला लाल रिबीन, वरणाचा थर जमलेला गॅस, आणि ती नऊ वर्षांची मुलगी. उद्या दहा वाजता ती मुलगी न कळता दोन मार्क जास्त घेऊन उभी राहणार होती. बेरीज तपासायला बसलीच नव्हती ती यावेळी. आणि एरवी जी चूक तिने स्वतःच शोधून काढली असती, ती दाखवू शकेल असं जगात आता एकच माणूस होतं.

सोमवारी सकाळी आठला आईने चहा केला. बाबा अंघोळीला गेले. फोन ओट्यावर होता. आईने तो उचलला, ठेवला. आधी काय बोलायचं? 'बाळा, रागावू नकोस' म्हटलं की ती आधी त्याच वाक्यावर रागावणार. 'मला पिल्लांची दया आली' म्हटलं की म्हणणार, सांगितलं होतं ना. रडणं तर अजिबात नको, रडण्याचं तिला वजन करता येत नाही.

आणि मग आईला नक्की कळलं, की थोरली सगळ्यात आधी काय विचारेल. ओरडायच्या आधी, गप्प व्हायच्या आधी, माफ करायच्या किंवा न करायच्या आधी. ती विचारेल, "किती?"

आईने फळीवरून रव्याचा डबा काढला. पिल्लांचं खाद्य साधारण तेवढ्याच जाडीचं होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि तीन बोटांची चिमूट सोडली. काटा ढिम्म. शून्य. पुन्हा एक. शून्यच. "एवढंसं आहे होय, मग लेकाचं वजन तरी का होत नाही," ती काट्यावर खेकसली. मग डोकं चाललं. तिने वाटी रिकामी केली आणि एकेक मोजत वीस चिमट्या टाकल्या, अगदी त्या दिवसांसारख्याच, ना घट्ट ना सैल. आकडा अकरावर थांबला. पुन्हा केलं. दहा. तिसऱ्यांदा केलं, अकरा. म्हणजे एका चिमटीला अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त.

वाणसामानाच्या यादीच्या मागे तिने लिहून काढलं. दुसरा दिवस, दीडच्या वेळेपासून. त्या दिवशी तीन वेळा. मग तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस, रोज सहाही वेळा. सहाव्या दिवशी नुसती बोटं. टाक्या तीन, पिवळ्या. पोतं पांढऱ्या खाद्याचं, कोठीतलं, दारापासून दुसरं. शेवटी तिने एक ओळ घातली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली: 'पाचव्या दिवसापासून चिमूट कमी असती तरी पिल्लांनी खाल्लं असतं, असं वाटतं.' हे खरं असेल तर पहिले काही दिवस वास दाखवून मग ही पिल्लं नुसत्या पानापेंडीवर वाढतात, असं काहीतरी त्यातून निघत असेलही. निघतं की नाही ते तिला कळत नव्हतं. ते थोरलीला कळेल. ते थोरलीचं काम.

सर्वांत खाली तिने ठळक लिहिलं, 'काकांची चूक नाही.' आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

घड्याळात आठ चौतीस झाले होते. न्हाणीघरातून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आईने ओल्या हाताने चष्मा पुसला, कागद समोर धरला, आणि फोन उचलून थोरलीच्या नावावर बोट ठेवलं.